हवाई छायाचित्रावरून क्षेत्रमापन
(इयत्ता ५ वी ते ८ वीस गणित व भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

क्षेत्रफळ हा विषय खेड्यातील मुलास परका नाही. घरी वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यात एकर व गुंठे रोज येतात. अमक्याचे शेत किती, तमक्याच्या वाटणीस किती आले, बांधाखाली किती गेले, ही भाषा त्याच्या कानावरून लहानपणापासून गेलेली असते. शाळेत मात्र क्षेत्रफळाची ओळख त्यास आयत, चौरस व त्रिकोण ह्यांच्या सूत्रांतून होते. गावातील शेत बहुधा ह्यांपैकी कोणत्याच आकाराचे नसते. त्याची एक बाजू ओढ्याच्या वळणाने गेलेली असते, तर दुसरी जुन्या वहिवाटीच्या रस्त्याने. त्यामुळे पुस्तकातील क्षेत्रफळ निराळे व शेतातील क्षेत्रफळ निराळे, असा मुलांचा समज होऊन बसतो. हा समज दूर करण्याचे एक चांगले साधन आज सामान्य शाळेच्याही आवाक्यात आले आहे. आकाशातून घेतलेले छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवावयाचे, त्यातील आकृतीच्या कडेने रेषा ओढावयाची व त्या रेषेच्या आत सापडलेले क्षेत्र मोजावयाचे, अशी ही रीत आहे. तिची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

विषयाची निकड

हा विषय केवळ वर्गापुरता नाही. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तीनुसार ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची छायाचित्रे घेऊन घरांच्या जागांचे नकाशे तयार करण्याचे काम देशभर हाती घेण्यात आले. महाराष्ट्रात ह्या पद्धतीचा प्रारंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी ह्या गावी झाला होता. अशा मोजणीनंतर गावकऱ्याच्या हाती जी मिळकत पत्रिका येते, तीवर जागेचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. हा आकडा कोठून आला, तो आपल्या गुंठ्यांशी कसा जुळवून पाहावा, हे विचारावयास गावकरी पुष्कळदा शिक्षकाकडेच येतात. अशा वेळी चित्रावरून आकडा कसा निघतो व त्यात चूक कोठे शिरू शकते, हे शिक्षकास ठाऊक असणे अवश्य आहे.

पूर्वीची रीत

वाकड्यातिकड्या क्षेत्राचे मोजमाप ही काही नवी अडचण नव्हे. मुंबई इलाख्यात १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी जमीन-महसुलाच्या मोजणीची जी पद्धत घालून दिली, तीत ३३ फुटांची साखळी वापरली जात असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि हाच एक गुंठा होय. अशा ४० गुंठ्यांचे ४३,५६० चौरस फूट होतात व तोच एक एकर. शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढावयाचे व सर्वांची बेरीज घ्यावयाची, ही त्या मोजणीची मूळ कल्पना होती. पुढे कागदावरील नकाशाच्या कडेने फिरवून क्षेत्रफळ दाखविणारे प्लॅनिमीटर नावाचे यंत्र प्रचारात आले. त्याचा सुटसुटीत प्रकार याकोब आम्सलर ह्या स्विस गणितज्ञाने १८५४ साली तयार केला. संगणकावर आपण जे करतो, ते ह्याच दोन गोष्टींचे रूपांतर आहे. हात प्लॅनिमीटरप्रमाणे आकृतीच्या कडेने फिरतो आणि हिशेब त्रिकोणांच्या रीतीने होतो.

लागणारे साहित्य

एक संगणक, एक छायाचित्र व रेषाचित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर एवढेच साहित्य पुरेसे आहे. इंकस्केप हे अशा प्रकारचे सॉफ्टवेअर २००३ पासून विनामूल्य मिळते, म्हणून पुढील कृती त्यास धरून दिली आहे. ह्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ठिपक्यांच्या रूपाने नव्हे, तर कोपऱ्यांच्या स्थानांच्या रूपाने साठविली जाते. म्हणूनच तिची लांबी व तिच्या आतील क्षेत्र काढता येते.

छायाचित्रासाठी शाळेने स्वतः ड्रोन उडविण्याची काही आवश्यकता नाही, व परवानगीच्या नियमांकडे पाहता ते इष्टही नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. गूगल अर्थवरही आपल्या गावाचे चित्र पाहता येते. चित्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. ते थेट वरून घेतल्यासारखे असावे, तिरपे नसावे. त्यावर प्रमाणपट्टी असावी, अथवा ज्याची लांबी आपणांस ठाऊक आहे अशी एखादी वस्तू त्यात स्पष्ट दिसत असावी. चित्र कोणत्या तारखेचे आहे तेही टिपून ठेवावे.

कृती

१. चित्र इंकस्केपमध्ये आणावे. लहानमोठे करावयाचे झाल्यास लांबी व रुंदी एकाच प्रमाणात बदलतील अशी काळजी घ्यावी. चित्र एका बाजूने ताणले गेले, तर पुढील सर्व हिशेब व्यर्थ होतो. नंतर ते हलू नये म्हणून त्याचा थर कुलूपबंद करावा व रेषांसाठी वर दुसरा थर घ्यावा.

२. पेन ह्या साधनाने आकृतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एकेक टिचकी देत जावे व शेवटी पहिल्याच बिंदूवर येऊन आकृती बंद करावी. कड वळणाची असेल तेथे बिंदू जवळजवळ घ्यावे. रेषेने स्वतःस कोठेही छेदू नये. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ पडला, तर एका फाशाचे क्षेत्र दुसऱ्यातून वजा होते व उत्तर भलतेच येते.

३. ज्या वस्तूची लांबी ठाऊक आहे तिच्यावर एक सरळ रेषा धरून मापनाच्या साधनाने ती पडद्यावर किती मिलिमीटर भरते ते पाहावे. ह्यावरून १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर किती मीटर, हे प्रमाण निघते. शक्य तर दक्षिणोत्तर व पूर्वपश्चिम अशा दोन लांब्या तपासाव्या. काही नकाशांत अक्षांश व रेखांश सारख्याच अंतरावर काढलेले असतात. छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे एका रेखांशाचे अंतर एका अक्षांशाच्या अंतराच्या सुमारे ९४ टक्केच भरते. अशा नकाशात पूर्वपश्चिम लांबी जवळजवळ ६ टक्के फुगलेली दिसते. दोन्ही दिशांची लांबी तपासली म्हणजे हा दोष लगेच उघडा पडतो.

४. काढलेली आकृती निवडून एक्स्टेन्शन्स, व्हिज्युअलाइझ पाथ, मेझर पाथ ह्या क्रमाने जावे. तेथे लांबीऐवजी एरिया हा पर्याय व मिलिमीटर हे एकक निवडावे. प्रमाणाच्या घरात १ हाच आकडा राहू द्यावा. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये आकृतीपाशी लिहून येते. आयत वा वर्तुळ ही तयार आकृती वापरली असेल, तर तिचे आधी पाथमध्ये रूपांतर करावे लागते.

५. आलेल्या आकड्यास प्रमाणाच्या वर्गाने गुणावे. प्रमाणाच्या घरात खरा आकडा घालून हे काम संगणकावरही सोपविता आले असते. परंतु ह्या पाठातील शिकण्याचा भाग नेमका हाच गुणाकार आहे, म्हणून तो मुलांनी हातानेच करावा.

उदाहरण

प्रथम ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण घ्यावे. छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या सभोवारचे आवार आयताकृती असून दक्षिणोत्तर सुमारे ४५८ मीटर व पूर्वपश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. समजा, पडद्यावरील चित्रात लांब बाजू २२९ मिलिमीटर भरली. तेव्हा १ मिलिमीटर म्हणजे २ मीटर. कडेने रेषा ओढून क्षेत्र मोजता ते ३१,४८७.५ चौरस मिलिमीटर आले. येथे पुष्कळ मुले २ ने गुणून ६२,९७५ चौरस मीटर असे उत्तर देतील. ते चूक आहे. १ मिलिमीटर बाजूचा चौरस जमिनीवर २ मीटर बाजूचा होतो, म्हणजे ४ चौरस मीटर. तेव्हा ३१,४८७.५ गुणिले ४ बरोबर १,२५,९५० चौरस मीटर. ४५८ व २७५ ह्यांचा गुणाकारही तेवढाच येतो. ह्याचे १२ हेक्टर ५९.५ आर, अथवा सुमारे ३१ एकर ५ गुंठे होतात.

एककांचा घोटाळा टाळण्यासाठी पुढील कोष्टक फळ्यावर लिहून ठेवावे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. १ हेक्टर म्हणजे १०० आर, अथवा सुमारे २.४७ एकर. सातबाऱ्यावर हेक्टर व आर असतात आणि बोलण्यात एकर व गुंठे असतात. आर व गुंठा जवळजवळ सारखे असल्याने गोंधळ सहसा तेथे होत नाही. तो होतो हेक्टर व एकर ह्यांच्यामध्ये, आणि त्यात आकडा अडीचपट चुकतो.

संगणक हिशेब कसा करतो

मुले हा प्रश्न विचारतील व तो विचारला जावा. सरळ बाजूंच्या आकृतीचा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास सहज समजतो. चौरसांच्या कागदावर एका शेताचे चार कोपरे घ्यावे. पहिला (०, ०), दुसरा (६०, ०), तिसरा (८०, ४०) व चौथा (२०, ५०). सर्व आकडे मीटरचे आहेत. प्रत्येक कोपऱ्याच्या पहिल्या आकड्यास पुढील कोपऱ्याच्या दुसऱ्या आकड्याने गुणत जावे व शेवटी पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर यावे. हे गुणाकार ०, २,४००, ४,००० व ० असे येतात. त्यांची बेरीज ६,४००. आता उलट, प्रत्येक कोपऱ्याच्या दुसऱ्या आकड्यास पुढील कोपऱ्याच्या पहिल्या आकड्याने गुणावे. हे गुणाकार ०, ०, ८०० व ० असे येतात. त्यांची बेरीज ८००. दोन्हींची वजाबाकी ५,६०० व तिचे निम्मे २,८०० चौरस मीटर, म्हणजे २८ आर.

हे उत्तर पडताळून पाहावे. शेताभोवती ८० मीटर लांब व ५० मीटर रुंद असा आयत काढल्यास त्याचे क्षेत्र ४,००० चौरस मीटर होते. कोपऱ्यांत उरलेले तीन त्रिकोण ५००, ३०० व ४०० चौरस मीटरचे आहेत. ते वजा जाता २,८०० च राहतात. कोपरे चार असोत वा चारशे, रीत बदलत नाही. संगणक एवढेच करतो, मात्र क्षणार्धात करतो. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पडद्यावरील आकडा देववाणी म्हणून स्वीकारणार नाही.

चुका कोठे होतात

पहिली चूक प्रमाणाची. लांबीचे प्रमाण ५ टक्के चुकले, तर क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी नव्हे, १०.२५ टक्क्यांनी चुकते, कारण १.०५ चा वर्ग १.१०२५ आहे. पाच एकरांच्या शेतात ही चूक अर्ध्या एकराहून थोडी अधिक होते. म्हणून प्रमाणासाठी आखूड वस्तू घेऊ नये. शाळेच्या दरवाज्यापेक्षा क्रीडांगणाची लांब बाजू फितीने मोजून घेणे केव्हाही चांगले.

दुसरी चूक कडेची. रेषा कडेवर नेमकी बसत नाही, अर्धा मीटर आत किंवा बाहेर पडते. मोठ्या क्षेत्रात हिचे फारसे काही वाटत नाही. मकबऱ्याच्या आवारात प्रत्येक कडेस अर्धा मीटर बाहेर गेले, तर बाजू ४५९ व २७६ मीटर होऊन क्षेत्र १,२६,६८४ चौरस मीटर येते. चूक ०.६ टक्क्यांहूनही कमी. परंतु ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा शेततळ्यात तेवढीच चूक झाली, तर ९०० ऐवजी ३१ गुणिले ३१, म्हणजे ९६१ चौरस मीटर येतात व चूक पावणेसात टक्क्यांवर जाते. घराच्या जागेत ती आणखी वाढेल. क्षेत्र जितके लहान, तितका पडद्यावरील आकड्यावर विश्वास कमी ठेवावा.

तिसरी चूक उंचीची. उंच इमारतीचा माथा चित्रात एका बाजूस कललेला दिसतो. म्हणून रेषा छपराच्या कडेने न ओढता पायाच्या कडेने ओढावी. झाडांच्या सावलीत व फांद्यांखाली बांध झाकला जातो, तेथे अंदाज न करता प्रत्यक्ष जाऊन पाहावे. डोंगराळ जागेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्रावरून निघते ते सपाटीचे क्षेत्र होय. देवगिरीसारख्या डोंगराच्या ३० अंशांच्या उतारावर जमिनीचा प्रत्यक्ष पृष्ठभाग त्यापेक्षा सुमारे साडेपंधरा टक्के अधिक असतो. जमिनीच्या दफ्तरात मात्र सपाटीचेच क्षेत्र धरतात.

नाथसागराचे उदाहरण

वेड्यावाकड्या आकृतीसाठी आपल्या जिल्ह्यातच उत्तम उदाहरण आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते बसविली गेली व १९७६ साली इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा जलाशय नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब व २७ किलोमीटर रुंद सांगितला जातो. विद्यार्थ्यास विचारावे की, त्याचे क्षेत्र किती? तो लांबी व रुंदी ह्यांचा गुणाकार करून १,४८५ चौरस किलोमीटर म्हणेल. जलाशयाचे पूर्ण भरल्यावेळचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गुणाकाराच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. सूत्र आयताचे आहे आणि जलाशय आयत नाही, ही गोष्ट ह्याहून ठळकपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल. नाथसागराच्या कडेने रेषा ओढताना बेटांच्या कडेनेही स्वतंत्र रेषा ओढाव्या व त्यांचे क्षेत्र एकंदर क्षेत्रातून वजा करावे.

चित्राची तारीख का टिपावी, हेही येथेच कळते. पावसाळ्याअखेरच्या व उन्हाळ्यातील चित्रांत पाण्याची कड निरनिराळ्या जागी असते. पाणी मागे हटलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. दोन ऋतूंची चित्रे मोजून मधल्या जमिनीचे क्षेत्र काढणे, हा भूगोल व गणित ह्यांचा एकत्र पाठ होऊ शकेल. ज्या गावी पाझर तलाव असेल, तेथे तोच घ्यावा.

वर्गातील योजना

हा पाठ चार तासिकांत बसविता येईल. पहिल्या तासिकेत मुलांना मैदानावर नेऊन फितीने लांबी व रुंदी मोजवून घ्यावी व क्षेत्र काढवावे. दुसऱ्या तासिकेत त्याच मैदानाचे चित्र पडद्यावर घेऊन ते पुन्हा मोजावे व दोन उत्तरांतील अंतर किती टक्के आहे ते पाहावे. तिसऱ्या तासिकेत गावातील एखादी अनियमित आकृती, तलाव, गायरान अथवा गावठाण, तीन गटांनी स्वतंत्रपणे मोजावी. तिन्ही उत्तरे एकसारखी येणार नाहीत. कोणाचे बरोबर, असे न विचारता फरक कोठून आला, असे विचारावे व सरासरी घ्यावी. चौथ्या तासिकेत कोपऱ्यांच्या आकड्यांवरून हाताने हिशेब करावा.

ज्या शाळेत संगणक बंद असेल किंवा वीज जात असेल, तेथे छापील चित्रावरूनही हे काम होते. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून कड गिरवावी, तो कागद सेंटिमीटरच्या चौरसांवर धरावा, पूर्ण चौरस मोजावे, निम्म्याहून मोठे तुकडे पूर्ण धरावे व लहान सोडून द्यावे. साधन बदलले तरी प्रमाणाचा वर्ग चुकत नाही.

मर्यादा

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगणे प्राप्त आहे. शाळेत काढलेले हे क्षेत्र शिक्षणासाठी आहे. बांधाच्या वादात, वाटणीत अथवा खरेदीविक्रीत ते पुरावा म्हणून दाखवू नये व कोणास दाखवूही देऊ नये. हद्दीचा निर्णय भूमि अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच होतो, व त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांतील मुले एकाच वर्गात बसतात. त्यांच्या शेतांमधील वादग्रस्त बांध उदाहरणासाठी निवडणे हे शिक्षकाने कटाक्षाने टाळावे. शाळेचे आवार, तलाव, गायरान ह्यांसारख्या सर्वांच्या जागा ह्या कामास पुरेशा आहेत.

मात्र गावकरी मिळकत पत्रिका घेऊन आला, तर त्यास चौरस मीटरचे गुंठे करून दाखवावे, घराची बाजू फितीने मोजून आकडा साधारण जुळतो की नाही हे पाहण्यास शिकवावे, व मोठा फरक आढळल्यास कोणत्या कार्यालयात अर्ज करावा तेवढे सांगावे. एवढी मदत करता येणे हे शिक्षकाच्या कर्तव्यात बसते. आणि हीच पडताळणी आपल्या हाताने करू शकणारी मुले शाळेतून बाहेर पडली, तर क्षेत्रफळाचा पाठ सफल झाला असे समजावे.